गिरणी थांबण्याची वेळ

पिठूनानांच्या भुवयांचा खरा रंग कोणता, हे गावात फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होतं. बाकीच्यांनी त्या पांढऱ्याच पाहिलेल्या. पोरवयात ते बापाच्या गिरणीत उभे राहिले तेव्हा लोक त्यांना पिठ्या म्हणायचे. पुढे लग्न झालं, मूल झालं, पोटही थोडं सुटलं, तेव्हा पिठ्याचे पिठूनाना झाले. खऱ्या नावाने कुणी हाक मारलीच, तर दुसऱ्याच कुणाला बोलावत असतील असं समजून ते आपलं काम करत राहत.

गिरणी गल्लीच्या कोपऱ्यावर होती. एकच दालन, वर पत्रा, आत मोटर, मोटरीवरून दगडांकडे गेलेला पट्टा, वर धान्य ओतायचं नरसाळं आणि खाली पीठ सोडणारी कापडी नळी. भिंतीला लावून एक लांब बाकडं होतं आणि दळण होईपर्यंत त्यावर बसून लोक एकमेकांच्या घरातल्या गोष्टी बारीक दळत. मोटर चालू असली की आत बोलायची सोय नसे. चिमूट दाखवली की बारीक, पंजा उघडला की जाड आणि मान हलवली की नंतर या, अशी नानांची हातवाऱ्यांची भाषा गल्लीतल्या सगळ्यांना पाठ होती. माणूस तापट, पण दळण सचोटीचं. आधीच्याचं पीठ पुढच्याच्या डब्यात जाऊ नये म्हणून मध्ये स्वतःचं मूठभर धान्य टाकून दगड साफ करून घेणारा गिरणीवाला सहसा सापडत नाही. नाना ते करत आणि दर वेळी सांगतही.

अशा माणसाची नात काडीसारखी होती.

नात दीड वर्षाची. धान्य मोजायच्या जुन्या मापांतलं एक इवलंसं माप म्हणजे चिपटं, म्हणून नाना तिला चिपटी म्हणत. तिचा बाप, म्हणजे नानांचा मुलगा, मालट्रक चालवायचा आणि महिन्यातून दोनतीनदा घरी टेकायचा. आई, म्हणजे सूनबाई, गावाबाहेरच्या फळांच्या शेडमध्ये पेट्या भरायला जायची. गल्लीतल्या निम्म्या बायका तिथेच जात. उजाडता उजाडता गाडी न्यायला यायची आणि दिवेलागणीला सोडायची. नानी घर बघायची, पण तिच्या गुडघ्यांनी संप पुकारलेला, त्यामुळे पळत्या पोरीच्या मागे धावणं तिला जमत नसे. मग चिपटीला सांभाळायचं कोणी, तर नानांनी. गिरणीच्या दाराशी, पट्ट्यापासून दूर, बाकड्याच्या टोकाला फळीचं छोटंसं कुंपण करून त्यांनी तिची जागा केली होती. तिथून ती उभ्या जगाकडे बघायची आणि जग तिच्याकडे.

आणि जग रिकाम्या हाताने येत नसे. दळण घेऊन येणारा प्रत्येक जण चिपटीसाठी काहीतरी आणायचा. कुणी बिस्कीट, कुणी गोळी, कुणी कुरकुरीत पाकिटातलं मूठभर, कुणी आपल्या चहाचा गोड घोट बशीत ओतून. वरच्या आळीतली आत्याबाई तर बिस्किटांचा पुडा आणल्याशिवाय गिरणीची पायरी चढायची नाही. ही आत्याबाई कुणाची आत्या होती ते आता कुणालाच आठवत नव्हतं. मूलबाळ नाही, नवरा लवकर गेलेला आणि आठवड्याचं दळण ती मुद्दाम थोडं थोडं करून आणायची, म्हणजे येणं जास्त होई. "माझ्या नातीला सगळं गाव भरवतं," नाना छाती पुढे काढून सांगत. सांगताना मोटर बंद असली तर मोठ्याने सांगत आणि चालू असली तर त्याहून मोठ्याने.

त्या वर्षी आरोग्य केंद्रातली नवी नर्सताई गावात मुलांची वजनं घ्यायला आली. तिने झोळीच्या काट्याला चिपटीला टांगलं, मग दंडाभोवती रंगीत पट्टी गुंडाळली. पट्टीवर हिरवा, पिवळा, लाल असे तीन रंग होते. खूण लालात गेली. तिने पोरीच्या पायावर बोट दाबून पाहिलं, डोळे पाहिले, पोट पाहिलं.

"ताई, तुमचा काटा खोटा आहे," नाना म्हणाले.

"असेल नाना. तुमच्या काट्यावर बघू या," ती म्हणाली.

नाना पोरीला घेऊन तरातरा गिरणीत गेले. धान्याच्या तराजूच्या एका पारड्यात त्यांनी चिपटीला बसवलं आणि दुसऱ्यात वजनं चढवायला घेतली. चिपटीला मजा वाटली. पारडं हललं तशी ती हसली. नानांनी एक वजन ठेवलं, काढलं, लहान ठेवलं, तेही काढलं, त्याहून लहान ठेवलं. आयुष्यभर ज्या काट्याची शपथ घेतली, त्याला आता खोटं कसं म्हणणार? वजन तेवढंच भरलं. नाना तिला पारड्यातून उचलायचं विसरून नुसते बघत राहिले.

नर्सताईने सगळ्यांना बसवून विचारलं. पोरीला मध्ये हगवण झाली होती का? झाली होती, गढूळ पाण्याच्या दिवसांत, दोनदा. अंगावरचं दूध कधी तुटलं? सूनबाई खाली बघून म्हणाली, "शेडमध्ये लागले तेव्हा. मध्ये घरी सोडत नाहीत." जेवते का? यावर सगळे एकदम बोलले. नानी म्हणाली, मी सकाळी पातळ पेज करून देते, घशात अडकायला नको म्हणून पाण्यासारखी करते, पण खाते कुठे, दोन घोट घेते आणि तोंड फिरवते. नाना म्हणाले, दिवसभर तोंड चालू असतं तिचं. सूनबाई म्हणाली, रात्री मी घास भरवायला बसते तोवर ती झोपलेली असते.

"म्हणजे भरवतं कोण?" नर्सताईने विचारलं.

"सगळेच," नाना म्हणाले.

तिने जंताचं औषध दिलं, पाणी उकळून द्यायला सांगितलं, पेज घट्ट करा, वर तेल सोडा, थोडं थोडं पण बऱ्याच वेळा द्या, असं समजावलं. मग उठताना म्हणाली, "पुढच्या महिन्यात येते मी. तोवर वजन वर सरकलं नाही, तर तालुक्याच्या दवाखान्यात पंधरा दिवस आई आणि मूल दोघींना ठेवावं लागेल. आता हिला साधा ताप आला तरी झेपायचा नाही. मी घाबरवत नाही, आहे ते सांगते."

ऐन हंगामात पंधरा दिवस गैरहजर राहिलं तर शेडमधली जागा गेलीच म्हणून समजायचं. पण त्या संध्याकाळी जागेबद्दल कुणी बोललं नाही. नानांच्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं: साधा ताप झेपायचा नाही. नानी मात्र ज्याच्यावर राग काढणं सोपं, त्याच्यावर काढून मोकळी झाली. "आई घरात नसली की असंच होणार," ती भांडी आपटत म्हणाली. सूनबाईने ऐकून घेतलं. नानांनीही ऐकलं आणि गप्प राहिले. माणूस बाहेर कितीही तोंडाळ असला तरी घरात नेमक्या वेळी त्याची वाचा कशी बसते, हे मला आजवर कळलेलं नाही.

पेज घट्ट झाली. चिपटीने ती घट्टही नाकारली. तेल सोडलेली नाकारली, अंडं कुस्करून घातलेली नाकारली. चमचा दिसला की ती ओठ असे मिटायची की जणू तिजोरीच. नानी रडकुंडीला आली. गिरणीत नाना काळजीने निम्मे झाले, पण ही बातमी गल्लीभर पसरल्यावर लोकांचं प्रेम दुप्पट झालं. पोर वाळली म्हटल्यावर आत्याबाई एकाऐवजी दोन पुडे आणू लागली. चहाच्या बशीत साखर वाढली. नानांना भरून यायचं. एवढी माणसं जीव लावतात, मग पोरीच्या अंगी का लागत नाही?

अशातच कोपऱ्यावरची वीजपेटी जळाली. धूर निघाला, मोठा आवाज झाला, पट्टा फिरता फिरता मंदावला आणि गिरणी बंद पडली. वीजवाला आला, पेटीत डोकावला, कपाळाला हात लावला आणि म्हणाला, नवीन यायला आठवडा लागेल. लोकांनी आपापले डबे उचलले आणि शेजारच्या गावाचा रस्ता धरला. नानांनी मनातल्या मनात वीजखात्याच्या सात पिढ्या उद्धरल्या आणि रिकाम्या बाकड्यावर येऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने ते चिपटीला घेऊन गिरणीत गेले. दुसरीकडे जायचं तरी कुठे? पोरीला तिच्या जागी ठेवलं, दगड उचकटून टाकी मारायला घेतले. गिरणी बंद असली की दगडाची धार करून घ्यावी, हा त्यांच्या बापाचा शिरस्ता. टाकीचा टक टक आवाज सोडला तर सगळीकडे शांत होतं. इतकी शांतता त्या दालनात नानांनी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. रस्त्यावरून कुणी गेलं की चिपटी हात पुढे करायची. माणूस हसून पुढे जायचा, कारण दळणाशिवाय गिरणीत कोण थांबणार? असं पुष्कळदा झालं. आणि मग ती रडायला लागली.

नानांनी टाकी खाली ठेवली. चिपटी रडत नसे, असा त्यांचा समज होता. "गुणाची पोर, चूं करत नाही," असं ते चारचौघांत सांगत. हे रडणं हट्टाचं नव्हतं. बारीक, एका सुरातलं, मधूनच थांबून पुन्हा सुरू होणारं. त्यांनी सवयीने पट्ट्याशेजारच्या फळीवरच्या डब्यात हात घातला. हा बिस्किटांचा डबा. पोरीचं तोंड वाकडं झालेलं दिसलं की ते त्यातून एक काढून तिच्या हातात देत. डबा भरायचं काम गिऱ्हाइकांचं. गिऱ्हाईक नाही, म्हणून डबाही रिकामा. हात तसाच डब्यात राहिला.

तोंड वाकडं झालेलं दिसलं की. दिसलं. ऐकू कधी आलंच नव्हतं. या मोटरीच्या आवाजात पोर रोज रडत असणार, भुकेने रडत असणार आणि आपण तिच्या तोंडात बिस्कीट कोंबून भूक मारत असणार, हे नानांच्या ध्यानात आलं.

त्यांनी तडक पोरीला काखोटीला मारलं आणि घर गाठलं. नानी दोघांपुरता मऊ भात आणि डाळ करून बसली होती. "वाटी दे," नाना म्हणाले.

"कुणाला? ती खायची नाही. आत्ता दोन घास सांडेल आणि..."

"वाटी दे म्हटलं ना."

चिपटीने पहिला घास घेतला, दुसरा घेतला. तिसऱ्याला नानांचा हात धरून स्वतःच्या तोंडाकडे ओढला. वाटी संपली तेव्हा तिने तळाशी बोट फिरवून बोट चाटलं. नानी दारात उभी होती. गुडघ्यांचं दुखणं विसरून ती खाली बसली आणि दुसऱ्यांदा वाढू लागली. नानांना हसायचं होतं, पण डोळेच भरून आले.

संध्याकाळी गाडी आली आणि सूनबाई हातपाय धुऊन आत आली. नाना नेहमी ओसरीवर असत, त्या दिवशी स्वयंपाकघराच्या दाराशी उभे होते.

"सूनबाई, चूक माझी होती," ते म्हणाले. "बिस्किटांनी तिचं पोट भरायचं आणि भूक मरायची. तुझ्यावर बोल आला तेव्हा मी गप्प बसलो, तीही चूकच."

सूनबाई पदराला हात पुसत राहिली. मग हळूच म्हणाली, "रोज रात्री तिच्या मुठीत बिस्किटाचा चुरा सापडायचा, नाना. मला शंका आली होती."

"मग बोलली का नाहीस?"

"सगळं गाव भरवतं, असं तुम्ही किती कौतुकाने सांगायचात. तुमचं तोंड कसं पाडू?"

"पुढच्या वेळी पाड," नाना म्हणाले. आतून नानी खोकली. तिला जे म्हणायचं होतं ते त्या खोकल्यात होतं आणि सूनबाईने ते समजून घेतलं असावं, कारण त्या रात्री नानीच्या गुडघ्यांना तेल तिने चोळलं.

आठवडाभर चिपटी वेळच्या वेळी जेवली. पेटी बदलून झाली, वीज आली, पट्टा फिरू लागला, तशी खरी परीक्षा सुरू झाली. भुकेचं उत्तर सापडलं होतं, प्रेमाचं काय करायचं? पहिल्याच सकाळी आत्याबाई डबा आणि दोन पुडे घेऊन हजर. नाना आडवे आले. मोटरीच्या आवाजात हातवारे करून समजावू लागले: पुडा, पोरगी, नको, पोट. आत्याबाईला यातलं फक्त नको कळलं. शेवटी त्यांनी मोटर बंद केली.

"आत्याबाई, तिला हातात काही द्यायचं नाही. आता वेळच्या वेळी वाटीतलंच."

"अरे पिठ्या, माझ्या हाताला काय विष लागलंय?"

"विष नाही हो. पण तिची भूक मरते."

"इतके दिवस मरत नव्हती ती?" असं म्हणून आत्याबाईने डबा उचलला, पुडे उचलले आणि निघून गेली. त्या आठवड्यात ती दळायला आली नाही. शेजारच्या गावी जाते, असं कळलं. त्या वयात, डबा काखेत धरून, एवढं चालून. नानांना रात्री झोप लागेना. एका पोरीचं पोट भरायचं तर एका म्हातारीचं मन मोडावं लागतं, हा हिशोब त्यांच्या काट्यात बसत नव्हता. इकडे बाकीची गिऱ्हाइकंही कुरकुरत होती. नाना गर्विष्ठ झाले, गावचं बिस्कीट यांना चालत नाही, असंही बाकड्यावर दळून झालं.

आठवडाभराने नाना स्वतः आत्याबाईच्या दारी गेले. सोबत चिपटी, तिची वाटी आणि चमचा. वाटीत भाजलेलं धान्य आणि डाळ दळून, दुधात शिजवून केलेलं घट्ट खाणं. वर तेलाचा तवंग.

"पुडा नको म्हणालो, तुम्हाला नको म्हणालो नव्हतो," नाना म्हणाले. "मला गिरणी सोडून भरवत बसता येत नाही. घाई केली की ती तोंड मिटते. हिच्याशी गप्पा मारत, सावकाश भरवणारं माणूस हवंय."

आत्याबाईने वाटीकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं आणि नानांकडे अजिबात पाहिलं नाही. "गार झालंय हे," ती म्हणाली. "गरम करून आणते. बैस तू, उभा काय राहिलास?"

तेव्हापासून दुपारी बाराच्या सुमाराला नाना मोटर बंद करू लागले. शांततेशिवाय पोर जेवत नाही आणि तिची भूकही आपल्याला ऐकू येत नाही, असं त्यांचं म्हणणं. आत्याबाई बाकड्यावर बसून भरवायची. गिरणीत बिस्कीट आणणाऱ्यांनाही नियम सांगितला गेला: लाड करायचे असतील तर वाटी हातात घ्या आणि शेवटच्या घासापर्यंत बसा. अर्ध्या लोकांचं प्रेम तिथेच आटलं. उरलेले अर्धे बसले.

नर्सताई ठरल्या दिवशी आली. नानांनी त्या सकाळी तोंड धुतलं होतं, त्यामुळे तिने आधी त्यांना ओळखलंच नाही. झोळी लावली. काट्याची सुई थरथरत वर सरकली आणि मागच्यापेक्षा चांगलीच पुढे थांबली. दंडाची पट्टी लालातून पिवळ्यात आली होती. सूनबाईने त्या दिवशी अर्धी सुट्टी घेतली होती. तिने पट्टीवरच्या पिवळ्या रंगाला बोट लावून पाहिलं.

"दवाखान्याचं राहू दे आता," नर्सताई म्हणाली. "पण हिरवा अजून लांब आहे. आणि हे एकट्या बिस्किटांचं नव्हतं. हगवण होती, लवकर तुटलेलं दूध होतं, पाण्यासारखी पेज होती. सगळ्यांनी मिळून तिला खाली खेचलं होतं. पाण्याचं आणि हात धुण्याचं सोडू नका." मग बाकड्याकडे बघून तिने विचारलं, "या गल्लीतली बाकीची पोरं दुपारी काय खातात?"

कुणालाच नीट सांगता आलं नाही. त्यांच्याही आया शेडमध्येच होत्या. त्यांनाही आज्या, मोठ्या बहिणी, शेजारणी सांभाळत होत्या आणि प्रत्येक घरात उत्तर तेच होतं: सगळेच भरवतात. नर्सताई त्या दुपारी गेली नाही. घरोघर फिरली. नाना सोबत गेले आणि वाटेत प्रत्येकाला तेच तेच इतक्या वेळा सांगू लागले की शेवटी नर्सताईच म्हणाली, "नाना, मलाही थोडं बोलू द्या."

पुढच्या हंगामापर्यंत चिपटीची पट्टी हिरव्यात गेली. मध्ये तिला ताप आला होता, चांगला सणसणून आला होता, आणि झेपला. त्या दिवसांत नानांनी देवाला काय काय कबूल केलं ते नानीलाही कळलेलं नाही. आता ती फळीच्या कुंपणावर चढून पलीकडे उतरायची आणि सगळ्या बाकड्याला दमवायची.

मग एकदा शेडवाल्यांनी मजुरांना धान्य वाटलं आणि गिरणीवर झुंबड उडाली. डब्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली. बारा वाजून गेले तरी नानांचा हात नरसाळ्यावरून निघेना. एकाचं झालं की दुसरा, दुसऱ्याचं झालं की तिसरा. इतक्यात समोरच्या घरातली आजी कडेवर नातवाला घेऊन दारात आली आणि हातवारे करू लागली. तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे एक थोरली बहीण धाकट्याला ओढत. नानांना काही कळेना. त्यांनी चिमूट दाखवली, पंजा दाखवला. बायका माना हलवत होत्या.

शेवटी चिपटीच पुढे आली. वाटी हातात होती. ती पिठाच्या रिकाम्या डब्यावर आपटत होती आणि तोंड उघडून काहीतरी ओरडत होती. त्या गोंगाटात आवाज ऐकू येत नव्हता, पण नाना आता तिच्या तोंडाकडे बघायला शिकले होते. त्यांनी खटका खाली ओढला.

पट्टा मंदावला. मोटर थांबली. "एवढा वेळ चालू कशाला ठेवलीस रे?" समोरची आजी म्हणाली. "गिरणी थांबल्याशिवाय आमची पोरं जेवायला बसत नाहीत आता." ती घराकडे वळली, बाकीच्या वळल्या. आत्याबाईने चिपटीला मांडीवर घेतलं. रांगेतल्या लोकांनी डबे खाली ठेवले. नाना भिंतीला टेकून उभे राहिले आणि थोड्याच वेळात गल्लीतल्या घराघरांतून वाट्या-चमच्यांचा आवाज येऊ लागला.